माराकाना: फायनलचं मैदान, बुधवारचं ओझं

२०१७ च्या जानेवारीत रिओ द जानेरोच्या माराकाना स्टेडियमचे फोटो जगभर फिरले. गवत वाळून तपकिरी पडलेलं. हजारो खुर्च्या उखडलेल्या. तांब्याच्या तारा आणि टीव्ही संच चोरीला गेलेले. हे स्टेडियम कागदोपत्री ज्या पत्रकाराच्या नावाने ओळखलं जातं, त्या मारिओ फिल्होचा अर्धपुतळाही कुणीतरी उचलून नेला होता. महिनाअखेरीस वीज कंपनीने सुमारे ३० लाख रेआलच्या थकबाकीपोटी जोडणी तोडली.

याच मैदानावर पाच महिन्यांपूर्वी ऑलिंपिकचं उद्घाटन झालं होतं. २० ऑगस्ट २०१६ ला नेमारने शेवटची पेनल्टी मारून ब्राझीलला फुटबॉलचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं, तेही इथेच. २०१४ च्या विश्वचषकाची फायनल इथलीच. आणि त्या फायनलसाठी जवळजवळ १२० कोटी रेआल खर्चून, म्हणजे तेव्हाच्या दराने तीन हजार कोटी रुपयांहून जास्त ओतून, स्टेडियम आतून नवं केलं होतं. जुनी वास्तू ढासळते हे समजण्यासारखं आहे. इथे चार वर्षांपूर्वी नवी केलेली वास्तू ढासळत होती.

त्या फोटोंवर ब्राझीलमध्ये जी चर्चा झाली ती बहुतेक पैसे कुणी खाल्ले याची. तो प्रश्न रास्तच आहे आणि त्याची उत्तरं पुढे न्यायालयात बरीचशी बाहेर आली. पण मला या प्रकरणात दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. माराकानाचं प्रत्येक नूतनीकरण एका मोठ्या दिवसासाठी झालं. बुधवारी रात्री, पावसात, स्थानिक स्पर्धेच्या सामन्याला चार-पाच हजार माणसं आली तर दिवे, पाणी, सफाई, सुरक्षा आणि हिरवळीचा खर्च कुणी भरायचा, हे दरवेळी नंतर बघू म्हणून सोडून दिलं गेलं. भ्रष्टाचार झाला नसता तरी ते स्टेडियम याच खड्ड्यात पडलं असतं, असं माझं मत आहे. फार तर थोडं उशिरा.

दोन लाखांचं मैदान

१९५० चा विश्वचषक ब्राझीलला मिळाला तेव्हा रिओ देशाची राजधानी होती. स्टेडियम कुठे बांधायचं यावर शहरात रण माजलं. कार्लोस लासेर्दा हे राजकारणी ते शहराबाहेर जाकारेपाग्वा भागात हवं म्हणत होते. मारिओ फिल्होने आपल्या क्रीडा दैनिकातून मोहीम चालवली ती मध्यवर्ती जागेसाठी, जुन्या डर्बी क्लबच्या रेसकोर्ससाठी. फिल्हो जिंकला. २ ऑगस्ट १९४८ ला काम सुरू झालं आणि १६ जून १९५० ला पहिला सामना झाला, तेव्हा ठिकठिकाणी परांच्या तशाच उभ्या होत्या. उरलेलं बांधकाम पूर्ण व्हायला १९६५ उजाडलं. मोठ्या दिवसापुरतं तयार करायचं आणि मागचं रेंगाळू द्यायचं, ही सवय या वास्तूला जन्मापासूनची आहे.

१६ जुलै १९५० ला उरुग्वेने ब्राझीलला २-१ ने हरवलं. त्या दिवशी तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते १,७३,८५०. बाकीचे धरून आकडा दोन लाखांच्या घरात जातो. १५ डिसेंबर १९६३ ला फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से या शहरातल्याच दोन क्लबांच्या सामन्याला १,९४,६०३ माणसं होती. सामना ०-० सुटला. १९ नोव्हेंबर १९६९ ला पेलेने आपला हजारावा गोल वास्को द गामा या क्लबविरुद्ध पेनल्टीवर केला, तोही इथेच. (गोव्यातलं वास्को शहर आणि हा क्लब, दोघांनाही नाव एकाच दर्यावर्द्याचं. तो समुद्रमार्गाने भारतात पोचला त्याला ४०० वर्षं झाली म्हणून १८९८ मध्ये स्थापन झालेल्या क्लबला त्याचं नाव दिलं गेलं.)

एवढी माणसं मावायची कशी, हे कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. वरच्या मजल्यावर काँक्रीटच्या पायऱ्या होत्या, त्यांवर जागा सापडेल तसं बसायचं. मधल्या भागात खुर्च्या. आणि अगदी खाली, मैदानाच्या भोवती, जवळजवळ गवताच्याच पातळीवर उभं राहायची जागा. तिला ‘जेराल’ म्हणत. मध्ये खंदक, डोळ्यांसमोर खेळाडूंचे पाय, पलीकडचा गोल दिसेलच याची खात्री नाही, डोक्यावर छप्पर नाही. तिकीट मात्र शहरात सर्वांत स्वस्त. सोंगं घेऊन येणारे, फलक लिहून आणणारे, नव्वद मिनिटं सामन्याकडे कमी आणि पंचांना शिव्या घालण्याकडे जास्त लक्ष देणारे लोक इथले. टीव्हीचे कॅमेरे गोल झाला की आधी यांच्याकडे वळत.

हिशेब साधा होता. तिकीट स्वस्त, माणसं प्रचंड, आणि तूट आली तर सरकार आहे. स्टेडियम सरकारी, चालवणारं खातं सरकारी. १९६० मध्ये राजधानी ब्राझिलियाला गेली, रिओ आधी ग्वानाबारा नावाचं वेगळं राज्य झालं आणि १९७५ मध्ये शेजारच्या रिओ राज्यात विलीन झालं. स्टेडियम एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात फिरत राहिलं. ऐंशीच्या दशकात ब्राझीलमध्ये महागाईचा भडका उडाला आणि राज्यांच्या तिजोऱ्यांत खडखडाट झाला. समुद्राकाठच्या दमट हवेत काँक्रीट आणि लोखंड यांची निगा राखायला जे सातत्य लागतं, ते अशा वेळी सर्वांत आधी मारलं जातं. रंगरंगोटी होते, कारण ती दिसते. कठड्याचा आतून गंजलेला जोड दिसत नाही.

१९ जुलै १९९२. राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलचा दुसरा सामना, फ्लामेंगो विरुद्ध बोताफोगो, सव्वा लाखाच्या आसपास गर्दी. सामना सुरू व्हायच्या आधी वरच्या मजल्यावरचा कठडा तुटला आणि माणसं खालच्या खुर्च्यांवर कोसळली. तिघे गेले, ऐंशीहून अधिक जखमी झाले. जखमींना न्यायला हेलिकॉप्टर मैदानात उतरली. ती उडाल्यावर सामना खेळवला गेला.

तीन वेळा तोडफोड

त्यानंतर माराकाना काही महिने बंद राहिलं आणि पुढच्या वीस वर्षांत त्याची तीनदा मोठी तोडफोड झाली. पहिल्यांदा जानेवारी २००० च्या क्लब विश्वचषकासाठी: वरच्या पायऱ्यांवर खुर्च्या बसवल्या, धनिकांसाठी खासगी कक्ष काढले, क्षमता एक लाखाच्या थोडी वर आली. त्याच वर्षी राष्ट्रीय वारसा संस्थेने वास्तूला संरक्षण दिलं. दुसऱ्यांदा २००७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धांसाठी: २००५ च्या एप्रिलमध्ये जेराल कायमची बंद झाली, मैदान खाली घेतलं आणि उभं राहायच्या जागी खुर्च्या आल्या.

या खुर्च्या बसवून चार वर्षंही झाली नव्हती, तोच २०१० च्या सप्टेंबरमध्ये स्टेडियम २०१४ च्या विश्वचषकासाठी बंद झालं आणि नुकतंच केलेलं सगळं पाडलं गेलं. तीन वेगवेगळे प्रसंग, तीन वेगवेगळे निधी, आणि मागच्याने केलेलं पुढच्याच्या उपयोगाचं नाही. पुढे २०१४ येणार हे २००७ च्या कामाच्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही; ब्राझील तेव्हा यजमानपदाचा एकमेव दावेदार उरला होता.

या तिसऱ्या कामात खालचा आणि वरचा मजला काढून टाकून खुर्च्यांची नवी, सलग उतरती रचना केली. प्रेक्षक मैदानाच्या जवळ आला. जुनं काँक्रीटचं छप्पर तपासणीत फार खराब निघालं, म्हणून ते पाडून तारांवर ताणलेलं पांढऱ्या पडद्याचं हलकं छप्पर आलं. त्याखाली जवळजवळ सगळ्या खुर्च्या येतात. क्षमता ७८,८३८. वारसा म्हणून जपायच्या वास्तूचं छप्परच उतरवायला परवानगी कशी मिळाली, यावर वास्तुतज्ज्ञांनी बराच वाद घातला. बाहेरची खांबांची लंबवर्तुळाकार ओळ तेवढी शिल्लक राहिली.

नवं माराकाना सामना बघायला जुन्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, हे कबूल केलंच पाहिजे. जुन्याच्या आठवणी काढून उसासे टाकणारे लोक जेरालमधून अर्धं मैदान दिसत नसे हे सोयीस्करपणे विसरतात, आणि १९९२ चा कठडाही विसरतात. पण जेराल गेली तेव्हा तिच्यासोबत स्वस्त तिकीटही गेलं, आणि ते दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यात परत आणायचा विचार आराखड्यात कुठेच नव्हता. उभ्याने, पण सुरक्षितपणे सामना बघायची सोय जर्मनीतल्या क्लबांनी ठेवली आहे, त्यामुळे हे अशक्य होतं असं कुणी म्हणू नये. इथे गरीब प्रेक्षक हा सुरक्षेचा प्रश्न धरला गेला आणि प्रश्नासकट काढून टाकला गेला. त्याचा आर्थिक परिणाम नंतर दिसला. फायनलला महाग तिकीट खपतं. मधल्या आठवड्यातल्या सामन्याला ते खपत नाही, आणि ज्याने स्वस्त तिकीट काढून जागा भरली असती तो आता घरी टीव्हीसमोर बसलेला असतो.

खर्चाचं काय झालं ते थोडक्यात. सुरुवातीचा करार सुमारे ७०.५ कोटी रेआलचा. ओडेब्रेख्त, आंद्रादे गुतिएर्रेझ आणि डेल्टा या तीन बांधकाम कंपन्या. त्यांतली डेल्टा २०१२ मध्ये बाहेर पडली. एका कामगाराला स्फोटात इजा झाल्यावर २०११ मध्ये संप झाला. छपराचं निमित्त होऊन आकडा वाढत १२० कोटींच्या आसपास गेला. राज्याच्या लेखापरीक्षकांनी त्यातले सुमारे २१.१ कोटी वाढीव बिलांचे असल्याचं म्हटलं. तेव्हाचे राज्यपाल सेर्जिओ काब्राल २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अटकेत गेले आणि त्यांच्यावरच्या आरोपांत माराकानाच्या कामातली लाचही होती. (ब्राझीलमध्ये राज्यपाल म्हणजे निवडून आलेला राज्याचा प्रमुख, आपल्याकडचा मुख्यमंत्रीच म्हणा.) २ जून २०१३ ला इंग्लंडशी उद्घाटनाचा सामना होता. त्याच्या तीनच दिवस आधी सुरक्षेची कागदपत्रं नाहीत म्हणून एका न्यायाधीशाने तो थांबवला होता, आणि काही तासांत ती स्थगिती उठलीही होती.

करार, ज्याचा पायाच काढून घेतला

आता या प्रकरणातला खरा गाभा. २०१३ मध्ये राज्याने स्टेडियम ३५ वर्षांसाठी खासगी चालकांना दिलं. त्यात ९० टक्के वाटा ओडेब्रेख्तचा, ५ टक्के आयएमएक्स या उद्योगपती आइके बातिस्ताच्या कंपनीचा, ५ टक्के एईजी या स्टेडियम चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा. ज्याच्या व्यवहार्यतेचा अभ्यास आयएमएक्सने केला त्याच कामाची बोली आयएमएक्सने लावली, हे तेव्हाही अनेकांना खटकलं होतं. चालक राज्याला वर्षाला सुमारे ५५ लाख रेआल देणार होते. म्हणजे सगळी वर्षं मिळून वीस कोटींच्याही आत, आणि राज्याने खर्च केले १२० कोटी. लोक चिडले यात नवल नाही.

पण चालकांच्या बाजूनेही गणित बघायला हवं. नुसत्या फुटबॉलवर एवढं स्टेडियम चालत नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी परिसरात ५९.४ कोटी रेआल गुंतवून गाड्यांचे तळ, दुकानं, उपाहारगृहं, संग्रहालय उभं करायचं असा करार होता. रोजची कमाई तिथून येणार होती. आणि त्यासाठी जागा मोकळी करायची म्हणजे शेजारी असलेलं सेलिओ द बार्रोस अ‍ॅथलेटिक्स मैदान, जुलिओ देलामारे जलतरण संकुल आणि फ्रीडेनराइख महापालिका शाळा पाडायची. शेजारची एकोणिसाव्या शतकातली एक हवेलीही पाडायच्या यादीत होती. तिथे पूर्वी आदिवासींचं संग्रहालय होतं. ते १९७८ मध्ये हलल्यावर पडीक राहिलेल्या इमारतीत २००६ पासून वेगवेगळ्या जमातींचे लोक राहत होते.

म्हणजे सार्वजनिक पैशाने बांधलेलं स्टेडियम चालावं म्हणून शेजारची चांगली चाललेली सार्वजनिक जागा पाडून तिथे गाड्या लावायच्या. शाळा शहरातल्या उत्तम सरकारी शाळांपैकी एक. पालक रस्त्यावर आले. जलतरणपटू आणि धावपटू आले. २२ मार्च २०१३ ला पोलिसांनी त्या हवेलीतून आदिवासींना अश्रुधूर सोडून बाहेर काढलं. जूनमध्ये देशभर बसच्या भाडेवाढीविरुद्ध सुरू झालेली आंदोलनं पाहता पाहता विश्वचषकाच्या खर्चावर घसरली, आणि ३० जूनला कॉन्फेडरेशन्स कपच्या फायनलमध्ये ब्राझील स्पेनला ३-० ने हरवत असताना बाहेरच्या रस्त्यांवर पुन्हा अश्रुधूर होता. काब्राल यांनी त्यानंतरच्या आठवड्यांत माघार घेतली. शाळा राहिली, जलतरण तलाव राहिला, हवेली राहिली.

लोकांनी हे जिंकलं ते योग्यच झालं. पण त्या क्षणी कराराचा पाया निघून गेला होता आणि तो कुणीच नव्याने लिहायला घेतला नाही. उत्पन्नाचा भाग रद्द, खर्चाचा भाग तसाच. सरकारला नवी निविदा काढायची म्हणजे आधीचा सौदा वाईट होता हे मान्य करायचं होतं. निवडणुका आणि विश्वचषक तोंडावर असताना ते कोण करणार? मग बातिस्ताचं साम्राज्य २०१३ मध्येच कोसळलं, एईजीही निघून गेली, आणि २०१५ च्या जूनमध्ये ओडेब्रेख्तच्या प्रमुखालाच भ्रष्टाचाराच्या देशव्यापी तपासात अटक झाली. उरला तो एकच चालक, आणि त्यालाही बाहेर पडायचं होतं.

अशा अवस्थेत २०१६ च्या मार्चमध्ये स्टेडियम ऑलिंपिक समितीकडे गेलं. स्पर्धा संपल्यावर समिती परत द्यायला आली तेव्हा चालक म्हणाले, दिलं होतं तसं नाही, घेणार नाही. समितीची तिजोरी रिकामी. राज्याने तर स्पर्धेआधीच, जूनमध्ये, आर्थिक आणीबाणी जाहीर केली होती. तिघांनी हात वर केले आणि मधल्या काळात चौकीदार ठेवायचा खर्चसुद्धा कुणाचा हे ठरेना. जानेवारीतले ते फोटो या भांडणाचे आहेत. वाजतगाजत लग्न लावून दिलं आणि दुसऱ्या दिवशी किराणा कुणी भरायचा यावर दोन्ही घरं वाद घालत बसली, असा तो प्रकार होता. शेवटी न्यायालयाच्या आदेशाने चालकांना परत यावं लागलं.

फ्लामेंगो २०१७ मध्ये शहरातल्याच एका बेटावरच्या छोट्या स्टेडियममध्ये बरेच सामने खेळला. देशातला सर्वाधिक चाहत्यांचा क्लब आणि जगातलं सर्वांत नावाजलेलं स्टेडियम एकाच शहरात, आणि दोघांना एकमेकांचा खर्च परवडत नव्हता. सामन्याचं भाडं, सुरक्षा, वीज हे सगळं वजा केल्यावर क्लबच्या हाती काही न उरणं, कधी उलट खिशातून भरावं लागणं, हे माराकानात नेहमीचंच झालं होतं.

भाडेकरूच मालकासारखे

२०१९ च्या मार्चमध्ये नव्या राज्य सरकारने करार रद्द केला आणि स्टेडियम तात्पुरतं फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से यांच्या हाती दिलं. त्याच्या महिनाभर आधी घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १७ फेब्रुवारीला फ्लुमिनेन्से आणि वास्को यांची फायनल होती. दक्षिणेकडची बाजू वास्कोवाले १९५० पासून आपली मानत आलेले. फ्लुमिनेन्सेकडे २०१३ चा करार, त्यात ती बाजू त्यांची. प्रकरण न्यायालयात गेलं, प्रेक्षकांविना सामना खेळवायचा आदेश आला, बाहेर हजारो तिकीटधारक आणि धुमश्चक्री, आणि सामना सुरू झाल्यावर दरवाजे उघडले गेले. कोण कुठे बसतं ही पिढ्यांची रीत कराराच्या मसुद्यात बसवताना तिथे काय ठरलेलं आहे हे कुणाला विचारलंच नव्हतं.

तात्पुरती परवानगी सहा-सहा महिन्यांनी वाढत पाच वर्षं चालली. हिरवळीची दुर्दशा हा या काळातला कायमचा विषय. दोन क्लबांचे मिळून सामने इतके की गवताला श्वास घ्यायला सवड नाही. २०२२ मध्ये नैसर्गिक गवतात कृत्रिम धागे विणलेली मिश्र हिरवळ घातली. वास्कोने मैदान मागितलं की हिरवळीचं कारण पुढे यायचं आणि वास्को न्यायालयात जायचा. तरीही वीज तोडली गेली नाही, खुर्च्या चोरीला गेल्या नाहीत. वापरणाऱ्याच्या हातात किल्ली असली की किमान दिवे लागतात, एवढं या पाच वर्षांत दिसलं.

सेलिओ द बार्रोसच्या वाट्याला मात्र काहीच आलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये बांधकामासाठी ते बंद झालं, धावमार्ग उखडला गेला, पाडकाम रद्द होऊनही खेळाडूंना ते परत मिळालं नाही. २०२० मध्ये तिथे करोना रुग्णांसाठी तात्पुरतं रुग्णालय उभारलं. १८ जूनला रिओत फुटबॉल पुन्हा सुरू झालं ते शेजारच्याच रिकाम्या स्टेडियममध्ये, फ्लामेंगो आणि बांगू यांच्या सामन्याने, रुग्णालय चालू असताना.

२०२४ मध्ये अखेर रीतसर निविदा झाली. फ्लामेंगो-फ्लुमिनेन्सेच्या गटाने वास्कोच्या गटाला मागे टाकत २० वर्षांचा करार मिळवला. राज्याला वर्षाला सुमारे २ कोटी रेआल, म्हणजे २०१३ च्या जवळजवळ चौपट, आणि शिवाय देखभाल-सुधारणांवरचा खर्च बांधून दिलेला. पहिल्यांदाच या स्टेडियमचा हिशेब फायनलपासून सुरू न होता वर्षभराच्या सामन्यांपासून सुरू झाला. शाळा पाडायची अट नाही, दुकानांचं स्वप्न नाही. माझ्या दृष्टीने १९५० पासूनचा हा पहिला शहाणा कागद आहे, आणि त्यात सार्वजनिक मालकी शाबूत आहे.

एक फट मात्र त्यातही आहे. त्याच वर्षीच्या, म्हणजे २०२४ च्या जुलैमध्ये फ्लामेंगोने बंदराजवळची जुन्या गॅस कारखान्याची जागा लिलावात घेतली, तिथे स्वतःचं ऐंशी हजारांच्या आसपासचं स्टेडियम बांधायचं म्हणून. ते झालं तर माराकानाचा सर्वांत मोठा भाडेकरू करार संपायच्या आधीच निघून जाईल आणि एकट्या फ्लुमिनेन्सेच्या गर्दीवर ७८ हजार खुर्च्यांचा खर्च निघणार नाही. मग उरतो वास्को. त्याचं स्वतःचं १९२७ चं साओ जानुआरिओ स्टेडियम मोठं करायचं घाटतंय, आणि ते काम सुरू झालं की त्यालाही काही वर्षं दुसऱ्याच्या दारात जावं लागणार आहे. दक्षिणेकडच्या बाजूचं भांडण तेव्हा पुन्हा निघेल.